वरांडा की व्हरांडा? ‘बरामदा’ तर नाहीच नाही

प्रश्न असा आला आहे: माथेरानच्या व्हिक्टोरियाकालीन बंगल्यांबद्दल लिहिताना ‘व्हरांडा’ म्हणावं, मूळ फारसी म्हणून ‘बरामदा’ म्हणावं, की सरळ ‘ओसरी’?

आधी फारसीचं भूत उतरवू. ‘बर-आमदा’ म्हणजे बाहेर आलेलं, व्हरांडाही घराबाहेर आलेला, झाली व्युत्पत्ती! संस्कृतवाद्यांचंही तेच. ‘वरण्ड’ शब्द कोशात आहे खरा, पण तिथे त्याचे अर्थ गवताच्या गंजीपासून चेहऱ्यावरच्या पुटकुळीपर्यंत पसरलेत. त्यातला सोयीचा तेवढा उचलायचा आणि अभिमान बाळगायचा.

‘हॉब्सन-जॉब्सन’ या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशाने 1886 मध्येच दाखवलंय की हा शब्द इबेरियात, म्हणजे स्पेन-पोर्तुगालात, आधीपासून होता. 1498 मध्ये कालिकतला उतरलेल्या वास्को द गामाच्या सफरीच्या पोर्तुगीज रोजनिशीत ‘वारांदा’ येतो. नुकत्याच उतरलेल्या खलाशांनी तो मलबारात उचलला म्हणावं, तर 1505 च्या ग्रानादातल्या स्पॅनिश-अरबी कोशातही तो आहे. स्पॅनिशमध्ये ‘बारांदा’ म्हणजे आजही कठडा. गंमत ती हीच: नाव मुळात कठड्याचं, ते चिकटलं कठड्यामागच्या जागेला.

आता माझं लाडकं मत. मराठीत हा शब्द दोनदा आला. पोर्तुगीजांचा ‘व’ आपण ‘व’च ठेवतो, त्यांच्या ‘chave’ची ‘चावी’ केली तशी. इंग्रजांचा मात्र ‘व्ह’ होतो: व्होट, व्हॅन, खुद्द व्हिक्टोरिया. म्हणजे ‘वरांडा’ वसई-गोव्याकडून आलेला थोरला आणि ‘व्हरांडा’ साहेबाच्या बंगल्यातून आलेला धाकटा. एका अक्षरावर एवढा डोलारा नको, असं कोशवाले म्हणतील. त्यांनी ‘चावी’चा खुलासा आधी करावा. ‘वऱ्हांडा’ हा या दोघांच्या भांडणात ‘ह’ घसरून झालेला तिसरा. त्याचा वऱ्हाडाशी काडीचा संबंध नाही.

आणि फ्लॅटच्या जाहिरातीतली चार फुटी गॅलरी म्हणजे व्हरांडा नव्हे! साहेबी बंगल्याचा व्हरांडा आठ-दहा फूट खोल, बहुधा दोन-तीन बाजूंनी फिरणारा, खोल्यांची दारं त्यात उघडणारी. व्हरांडा इतका खोल ठेवण्यामागे हिशेब आहे. आपल्या अक्षांशावर डिसेंबरातही भर दुपारचा सूर्य 48 अंशांच्या आसपास वर असतो. वळचण आठ फूट उंचीवर असेल तर ऊन सात-सव्वासात फूटच आत येतं, म्हणजे दक्षिणेची भिंत सावलीत. पश्चिमेला मात्र संध्याकाळचं तिरपं ऊन थेट आत येतं, म्हणून तिथे चिकाचे, म्हणजे बांबूच्या कामट्यांचे, पडदे.

माथेरानच्या पावसात फरशीला बाहेरच्या बाजूस पाच फुटांत इंचभर तरी उतार हवा. नसेल तर पाणी खांबाच्या बुडाशी थांबतं आणि लाकूड तिथूनच कुजतं, म्हणून खांबाखाली दगडी उथळं, म्हणजे दगडाची बैठक. मुख्य छपराचा चढ मोडून व्हरांड्याचं उताराला कमी छप्पर सुरू होतं, तो सांधा तर हमखास गळतो. मंगलोरी कौलं सपाट उतारावर पाणी उलटं घेतात. सांध्यापाशी व्हरांड्याच्या कौलांची सगळ्यात वरची ओळ मुख्य छपराखाली नीट सरकवावी लागते. नुसतं सिमेंट थापलं की पुढच्या पावसाळ्यात तडा.

हां, ओसरी. देशावरच्या वाड्यात चौकाकडे उघडी असते ती ओसरी. कोकणात ओटीलगत उतरत्या छपराखालची ती पडवी. गोव्यात दारापुढे बसायच्या कट्ट्यांचा तो बाल्कांव. घराला वेढा घालणारं यातलं सहसा एकही नसतं. माथेरानच्या बंगल्याला वरांडाच लिहा. साहेबाचा आहे म्हणून ‘व्ह’ लावलात तरी माझी हरकत नाही.