‘आपल्यात हा आजार नसतोच म्हणे!’

प्रश्न : डॉक्टरसाहेब, माझा मुलगा २३ वर्षांचा आहे. पुण्यात राहून स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. मागच्या दिवाळीला घरी आला तर दिवसातून आठ-आठ वेळा संडासला पळत होता, आव आणि रक्त पडत होतं. दुर्बिणीनं तपासलं तेव्हा ‘अल्सरेटिव्ह कोलायटिस’ (मोठ्या आतड्याला आतून जखमा होण्याचा आजार) निघाला. माझे दीर म्हणतात, हा गोऱ्या लोकांचा आजार, आपल्यात नसतोच; यानं मेसचं खाऊन ओढवून घेतला. खरंच आपल्याकडे हा कुणाला होत नाही का? धाकट्या मुलीची सोयरीक चालू आहे. तिलाही होईल का?
– एक आई, ता. सोनपेठ, जि. परभणी

उत्तर : ताई, दिरांवर रागावू नका. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी मीही हेच म्हणायचो. आम्हाला तो विलायती आजार म्हणूनच शिकवला होता. नाव दिलं १८५९ साली लंडनच्या सॅम्युएल विल्क्स या डॉक्टरांनी. याचा चुलतभाऊ शोभेल असा, आतड्याचाच, क्रोन्सचा आजार १९३२ साली न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी मांडला. पुस्तकं त्यांची, त्यातले रुग्णही त्यांचेच.

मग मी गंगाखेडला दवाखाना टाकला. १९८८च्या पावसाळ्यात ऊसतोडीला जाणारा बावीस वर्षांचा एक पोरगा आला. संडासातून रक्त, पोटात मुरडा. मी ‘रक्ती आव’ लिहिलं आणि अमिबाच्या गोळ्या दिल्या. उतार पडला. महिन्यानं परत आला, परत त्याच गोळ्या, परत उतार. असं तीनदा झालं. दसऱ्यानंतर तो टोळीबरोबर कारखान्यावर गेला आणि शिमग्याला परत आला तो बैलगाडीत आडवा पडूनच. दोघांनी धरून वजनकाट्यावर उभा केला. काटा ३६वर थांबला. अंबाजोगाईला पाठवला, तिथं दुर्बीण घातली तर मोठ्या आतड्याचं आतलं अस्तर सोलल्यासारखं, जखमाच जखमा. त्या पोरानं पुण्याची मेस जन्मात पाहिली नव्हती. भाकर, ठेचा आणि फडावर मिळेल ते पाणी, एवढाच त्याचा आहार.

माझी फसगत का झाली, तेही सांगतो. हा आजार आपणहून चढतो आणि आपणहून उतरतो. उतरतीच्या वेळी पोटात जे गेलेलं असेल त्याला श्रेय मिळतं, मग ती अमिबाची गोळी असो, कुड्याची साल असो नाहीतर कुणी दिलेला अंगारा. मलाही तीनदा श्रेय मिळालं.

आता आकडे. लुधियाना भागात १९९९ साली घरोघर जाऊन ५१,९१० माणसांची विचारपूस झाली आणि ज्यांच्यावर संशय आला त्यांना दुर्बिणीनं तपासलं. त्यात तुमच्या मुलाचा आजार असलेले २३ जण सापडले, म्हणजे लाखामागे सुमारे ४४. नॉर्वेत हाच आकडा लाखामागे ५०५ नोंदवला गेलाय. तेव्हा गोऱ्यांत जास्त, हे दिरांचं म्हणणं खरं. पण ‘आपल्यात नसतोच’ हे खोटं. पंजाबचा दर जसाच्या तसा आपल्याला लावता येत नाही, पण अंदाजासाठी लावून बघा : २०११च्या जनगणनेत परभणी जिल्हा १८ लाख ३६ हजारांचा होता. त्या हिशोबानं एकट्या आपल्या जिल्ह्यात आठशेवर माणसं होतात. त्यातली कितीतरी आजही मूळव्याधीचं मलम लावत असतील.

क्रोन्सची मोजणी आपल्याकडे आणखी अवघड. लहान आतडं मोठ्याला मिळतं तिथंच तो बहुतेकदा बसतो, आणि आतड्याच्या क्षयालाही नेमकी तीच जागा आवडते. दुर्बिणीतून दोघांच्या जखमा सारख्याच दिसतात, तुकडा काढून तपासला तरी कधी कधी निकाल लागत नाही. क्षय इतका पसरलेल्या मुलखात डॉक्टर मग आधी टीबीची औषधं सुरू करतात आणि दोन-तीन महिने वाट बघतात. गुण आला नाही की मग क्रोन्सचं नाव निघतं. नॉर्वेतल्या डॉक्टरला हा पेच क्वचितच पडतो.

दिरांना अजून एक सांगा. आशियातल्या काही ठिकाणी हे दोन्ही आजार मिळून वर्षाला नवे रुग्ण किती निघतात ते मोजलं गेलं, त्यात सगळ्यात वर हैदराबाद आलं : लाखामागे नऊच्या आसपास. चीन चारच्याही खाली. नांदेड-लातूरची माणसं दवाखान्यासाठी जातात तेच हैदराबाद. आणि इंग्लंडमधल्या लेस्टरमध्ये १९८०च्या दशकात दिसलं की तिथं जाऊन स्थायिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांत अल्सरेटिव्ह कोलायटिस स्थानिक गोऱ्यांच्या जवळजवळ दुप्पट होता. रक्त तेच, मुलूख बदलला आणि आकडा फिरला. नुसत्या जातकुळीवर हा आजार ठरत नाही, तो असा. नेमकं काय बदलतं? लहानपणी भरमसाट अँटिबायोटिक, पाकीटबंद खाणं, आतड्यातल्या जिवाणूंची बदललेली वस्ती असे संशयित पुष्कळ आहेत, पण एकावरही गुन्हा पुरता शाबीत झालेला नाही. मेसच्या रश्शावर तर मुळीच नाही.

मुलीचं म्हणाल, तर सख्ख्या भावंडांना धोका इतरांपेक्षा जास्त असतो हे खरं. पण अशा शंभर भावंडांतल्या पंच्याण्णवांहून अधिक जणांना तो कधीच होत नाही. तिला काही त्रास नसेल तर तपासणीची गरज नाही. सोयरीक बिनधास्त करा. मुलाला मात्र बजावून सांगा : रक्त थांबलं म्हणून गोळ्या मनानं थांबवायच्या नाहीत. परीक्षेच्या दिवसांत पोरं हमखास हेच करतात.

प्रश्न : वय ४४. वीस वर्षांची बिडी सोडली आणि सहा महिन्यांत अल्सरेटिव्ह कोलायटिस निघाला. मित्र म्हणतात, परत ओढायला लाग, थांबेल. ओढू का?
– एक शिक्षक, कंधार

उत्तर : गुरुजी, मित्र अर्धं बरोबर ऐकून आले आहेत. धूम्रपान करणाऱ्यांत अल्सरेटिव्ह कोलायटिस कमी आढळतो आणि सोडल्यानंतर उद्भवल्याची उदाहरणं बरीच आहेत. क्रोन्सचं बरोब्बर उलटं, तो बिडी-सिगारेटनं चिघळतो. तरीही ओढू नका. आतड्यासाठी चांगली औषधं आहेत. हृदय आणि फुप्फुस बिडीकडे गहाण टाकण्याचं कारण नाही. तुम्ही रिपोर्टची झेरॉक्स पाठवलीत, पण दुसरं पान पाकिटात नाही. तुकड्याच्या तपासणीचा निकाल त्याच पानावर असणार. तेवढं पाठवा.