दप्तर कपाटावर टाकू नका, ताई

ताई, शाळेतून निवड झाल्याचा फोन आला, लेकीला नवं दप्तर घेतलंत, आणि पाच दिवसांनी कळलं की ते नाव दुसऱ्या मुलीचं होतं. नाव-आडनाव एकच, फक्त वडिलांचं नाव वेगळं. आता ती रोज विचारते, ‘माझी शाळा कधी?’

आम्ही साखर पेठेत राहायचो तेव्हा आमच्या मुलाच्या बाबतीत अगदी हेच झालं. आमच्याकडे एका गल्लीत एकाच आडनावाची दहा घरं, त्यामुळे घोळ होतात. सासूबाई म्हणाल्या, ‘नशिबात नव्हतं.’ भाऊ म्हणाला, ‘बरं झालं, फी वाचली.’ सगळे मायेनंच बोलत होते. पोरगा मात्र गप्प. पाण्याच्या बाटलीवर मी लिहिलेलं त्याचं नाव नखानं खरवडत बसायचा. मी शाळेत जाऊन भांडत होते, त्याच्याजवळ बसायचं राहूनच गेलं. आठवड्यानं त्यानं विचारलं, ‘आई, मी नापास झालो ना?’

तुमच्या लेकीच्या मनातही हेच असेल. तिला सरळ सांगा, यादी करताना मोठ्या माणसांची चूक झाली, तुझं काहीच चुकलं नाही. पहिलीच्या प्रवेशासाठी मुलांची चाचणी घ्यायला शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ नं मनाईच आहे, मग नापास होणार कुठून? ती रडली तर रडू द्या. ‘दुसरी चांगली शाळा बघू’ हे त्याच दिवशी नको.

झालेली चूक शाळेकडून लेखी घ्या. अर्ज याच कायद्यानं खासगी शाळांत राखीव असलेल्या २५ टक्के जागांच्या सोडतीतला असेल तर प्रतीक्षा यादी सरकारच्या आरटीई (शिक्षण हक्क) पोर्टलवर अर्ज क्रमांक टाकून स्वतः बघत राहा, एसएमएसच्या भरवशावर राहू नका. शाळेनं दाद दिली नाही तर महापालिकेच्या शिक्षण विभागात अर्ज द्या. जून उलटला म्हणूनही घाबरू नका, उशिरा आलेल्या मुलाला प्रवेश नाकारता येत नाही, हे कलम १५ मध्ये आहे.

यादी करणाऱ्या बाईंवर मी खूप ओरडले होते. त्या तीनदा म्हणाल्या, ‘चूक माझीच आहे.’ मी ऐकूनच घेतलं नाही, त्याची आजही रुखरुख आहे. तुम्ही हक्काचं मागा, पण त्यांचं ऐकून घ्या. आणि त्या दुसऱ्या मुलीबद्दल लेकीसमोर वाकडं बोलू नका, ती जागा तिचीच होती.

दप्तर कपाटावर टाकू नका. आमचा मुलगा तेच घेऊन महापालिकेच्या शाळेत गेला. जायच्या आदल्या रात्री बाटलीवरचं नाव त्यानंच पेननं परत लिहिलं.