निर्गुडीचा पाला बांधायचा की प्यायचा?

प्रश्न : नमस्कार मॅडम, आमच्या सासूबाई ७१ वर्षांच्या, दोन्ही गुडघे दुखतात, जरा जास्त चालणं झालं की सूज येते. कुंपणाला निर्गुडी आहेच, तिचा पाला तव्यावर गरम करून मी रात्री बांधते, त्यांना बरं वाटतं. आता दिराने व्हिडिओ पाठवलाय की पानांचा रस रोज सकाळी अर्धा कप घेतला की सूज कायमची जाते आणि हे संशोधनाने सिद्ध झालंय. खरं आहे का? डॉक्टरांची दुखण्याची गोळी चालू आहे, ती बंद करायची का?
– एक वाचक, देवरुख

उत्तर : ताई, आधी शेवटचं, गोळी व्हिडिओ बघून बंद करायची नाही.

आता संशोधनाचं. झालंय, भरपूर झालंय, फक्त त्यातलं बरंचसं उंदरांच्या पायावर झालंय. उंदराच्या मागच्या पंजात कॅरॅजीनन नावाचा, समुद्री शेवाळापासून काढलेला पदार्थ टोचतात, पंजा तासा-दोन तासांत टम्म फुगतो, आणि आधी अर्क पाजलेल्या उंदराचा पंजा किती कमी फुगला ते मोजतात. श्रीलंकेतल्या संशोधकांनी २००३ साली निर्गुडीच्या जून, ताज्या पानांचा पाण्यातला अर्क असाच तपासला, सूजही कमी झाली आणि दुखणंही. शरीरात सूज आणणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं असतात, ती तयार होणं हा अर्क कमी करतो असं त्यांना दिसलं. म्हणजे आपल्या आज्या उगाच पाला बांधत नव्हत्या. पण पंजाची ती सूज काही तासांची, सासूबाईंच्या गुडघ्याची झीज वर्षानुवर्षांची, एकीवरून दुसरीचं ‘कायमची जाते’ कसं काढलं ते व्हिडिओवाल्यालाच ठाऊक.

आणि गंमत बघा, डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन या गोळ्याही प्रोस्टाग्लँडिनच अडवतात. हीच प्रोस्टाग्लँडिनं पोटाचं आतलं अस्तरही सांभाळतात, म्हणून तर या गोळ्यांनी पित्त होतं, अल्सर होतो, किडनीवर ताण येतो. जम्मूतल्या एका प्रयोगात निर्गुडीचा अर्क आयब्युप्रोफेनसोबत उंदरांना दिला तर गोळीचा असर वाढला. ऐकायला छान वाटतं, पण ७१ व्या वर्षी रोज गोळी आणि वर अर्धा कप रस, हा प्रयोग घरी नको. त्यात ‘अर्क’ हा शब्दच फसवा, पाण्यात एक उतरतं, अल्कोहोलमध्ये दुसरंच, आणि उकळत ठेवलात तर पानाला तो उग्र वास देणारं तेल वाफेबरोबर निघून जातं. मिक्सरमधून काढलेल्या रसात काय किती आलं हे कोण सांगणार? पोटात घ्यायचंच असेल तर वैद्यांना दाखवून, चालू गोळ्यांची चिठ्ठी सोबत नेऊन.

बांधणं मात्र चालू ठेवा. त्यात पाल्याचा वाटा किती आणि नुसत्या शेकाचा किती हे वेगळं काढणं अवघड, माझ्या मते शेकाचा बराच असावा, पण आराम पडतोय ना, मग झालं. फक्त पाला आधी आपल्या मनगटावर लावून बघा, म्हाताऱ्या माणसांची कातडी पातळ असते, चटका बसलेला लवकर कळत नाही. साखर असेल तर आणखी जपून. खाज किंवा पुरळ आलं तर थांबा. आणि एखाद्या दिवशी गुडघा एकदम लाल, गरम झाला किंवा ताप आला तर पालाही नको, शेकही नको, सरळ डॉक्टरांकडे.

बाकी उरलेला पाला टाकू नका, वाळवून तांदळाच्या पिंपात घाला, किडे येत नाहीत. ते माझ्याही घरी चालतं.