दिवाळीची रजा, हाफ टर्म आणि दंडाचं पत्र

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि आमचा गेल्या वर्षीचा ऑक्टोबर आठवला. तुमची मुलगी इयर टूमध्ये (म्हणजे सहा-सात वर्षांची), धाकटा सप्टेंबरपासून रिसेप्शनला (शाळेचा अगदी पहिला वर्ग), शाळा चर्च ऑफ इंग्लंडची, दप्तरातून रोज नवं पत्र. त्यात हाफ टर्मला (सत्राच्या मधल्या आठवड्याच्या सुट्टीला) जोडून नाशिकला दिवाळी करून १२ नोव्हेंबरला शाळेत हजर व्हायचा तुमचा बेत, आणि त्या रजेचा दंड होईल का हा प्रश्न. हार्वेस्ट (सुगीचा सण), नेटिव्हिटी (येशूच्या जन्माचं नाटक), क्रिसटिंगल (संत्र्यात मेणबत्ती खोचायचा चर्चचा कार्यक्रम) यांचं काय करायचं हेही तुम्ही विचारलंय, ते शेवटी सांगतो. आधी रजेचं, कारण पैसे तिथे जातात.

मी वकील नाही. जे लिहितोय ते इंग्लंडपुरतं आहे, स्कॉटलंड-वेल्सला नियम वेगळे. प्रत्येक कौन्सिलची (म्हणजे स्थानिक पालिकेची, दंड तीच लावते) तऱ्हाही वेगळी असते.

धाकट्याची काळजी सोडा. पाच वर्षं पूर्ण झाल्यानंतर जी टर्म सुरू होते, तिथून शाळा सक्तीची. म्हणजे यंदा नेहमीच्या वयात रिसेप्शनला बसलेलं मूल डिसेंबरअखेरपर्यंत सक्तीच्या वयात येत नाही, आणि त्याच्या गैरहजेरीचा दंड होत नाही. शाळा नाराजी दाखवेल, तेवढंच. प्रश्न मुलीचा आहे.

ऑगस्ट २०२४ पासून हिशोब असा: दहा शाळा-आठवड्यांत विनापरवानगी गैरहजेरीची १० सेशन झाली की दंडाचा विचार होतो. एका दिवसाची दोन सेशन (सकाळ आणि दुपार), म्हणजे पाच दिवस. दंड प्रत्येक पालकाला, प्रत्येक मुलामागे ८० पौंड, २१ दिवसांत भरला तर. नाहीतर २८ दिवसांपर्यंत १६०. तीन वर्षांत त्याच मुलासाठी दुसऱ्यांदा आला तर थेट १६०, आणि तिसऱ्यांदा दंडाऐवजी साधारणपणे कोर्टच.

आता आमचं ऐका. गेल्या वर्षी लक्ष्मीपूजन आपल्याकडे मंगळवारी, २१ ऑक्टोबरला होतं. आम्ही आमच्या मुलीसाठी सोमवार ते शुक्रवार रजा मागितली, पुढे हाफ टर्म. चार दिवस मंजूर होणार नाहीत हे धरूनच चाललो होतो. पण धार्मिक सणाच्या दिवसासाठी हजेरीपटात वेगळा कोड असतो, आर. तो लागला की ती गैरहजेरी विनापरवानगी धरत नाहीत. सरकारी मार्गदर्शिकेत स्पष्ट आहे की सणाचा दिवस एक असेल आणि पालकांनी जास्त मागितले, तर त्या एकाच दिवसाला आर लावायचा, बाकीचे साधी रजा म्हणून बघायचे. म्हणजे आमची सेशन आठ. दंडाच्या रेषेच्या आत.

शाळेच्या ऑफिसने पाचही दिवसांना विनापरवानगी सुट्टीचा कोड ठोकला. का, तर त्यांच्या कॅलेंडरवर दिवाळी सोमवारी छापलेली होती, मग तुमचा मंगळवार कुठून आला? बरं, मग सोमवारी तरी आर लावा! तोही नाही. परत आलो तर महिन्याभरात कौन्सिलची दोन पाकिटं, एक माझ्या नावाचं, एक बायकोच्या.

शाळेला फोन केला: आता प्रकरण कौन्सिलकडे गेलंय. कौन्सिलला फोन केला: आम्ही शाळेच्या नोंदीवर चालतो, शाळेकडून लिहून आणा. शाळेला मेल, उत्तर: पुढे पाठवलंय. कौन्सिल: आमच्याकडे काही आलेलं नाही. खाली घड्याळ चालूच. या दंडावर अपील नसतं, हे फार कमी लोकांना माहीत असतं. भरा, नाहीतर कोर्टात जा. विसावा दिवस उजाडला तेव्हा भरले. नंतर कौन्सिलचं पत्र आलं की रक्कम मिळाल्यामुळे प्रकरण बंद.

१६० पौंडांचं एवढं वाईट वाटलं नाही. पण आता तीन वर्षं आमची 'पहिली वेळ' वापरून झालेली आहे. उद्या तिकडे कुणाचं बरंवाईट झालं, मुलीला घेऊन आठवडाभर जावं लागलं आणि हेडटीचरनी ती रजा नाकारली, तर थेट दुप्पट. शाळेच्या ऑफिसातल्या एका बाईने एक अक्षर बदलायचं होतं. हजेरीपट नंतर दुरुस्त करता येतो, कारण आणि तारीख लिहून. केला नाही.

म्हणून माझं ठाम मत: सणाच्या दिवसाचा अर्ज आणि बाकी रजेचा अर्ज कधीही एकाच फॉर्मवर देऊ नका. सणाचा वेगळा मेल, तोही ऑफिसला नाही, थेट हेडटीचरना. सोबत पंचांगाचं पान किंवा जवळच्या मंदिराचं पत्र. लेखी होकार घ्या आणि त्याच आठवड्यात शाळेच्या ॲपवर हजेरी तपासा.

पण यंदा तुम्हाला याचा उपयोग नाही! लक्ष्मीपूजन रविवारी, ८ नोव्हेंबरला आहे, वाचवायला शाळेचा दिवसच नाही. पाडवा-भाऊबीजेला आर मिळेल असं मी धरणार नाही. तुमचा बेत २ ते ११ नोव्हेंबर, म्हणजे शाळेचे आठ दिवस, सोळा सेशन. दंड जवळजवळ नक्की. तिकिटं काढली नसतील तर विचार करा. दहाच्या आत राहिलात म्हणजे हमखास सुटलात असंही नाही, कौन्सिल त्याखालीही देऊ शकते, आणि रजिस्टर बंद झाल्यावर पोचलेले उशीरही त्याच दहात मोजतात. 'आजारी आहे' मात्र कळवू नका. मूल वर्गात पहिल्याच दिवशी आजीच्या चकल्यांचं वर्णन करतं.

बाकीचं पटकन. प्रार्थनेतून मुलांना काढून घ्यायचा हक्क १९९८ च्या कायद्याने आहे, पण मी वापरणार नाही. असेंब्लीच्या वेळी एकटं मूल लायब्ररीत बसवण्यात काय अर्थ? हार्वेस्टला डबाबंद छोले, राजमा द्या, फूड बँकेला लागतात, फक्त मुदत बघा. १८४३ मध्ये कॉर्नवॉलच्या रॉबर्ट हॉकर नावाच्या पाद्रींनी हार्वेस्ट चर्चमध्ये सुरू केलं, पण सध्या ते मुख्यतः डबे गोळा करण्याचंच काम आहे. नेटिव्हिटीत मेंढपाळ झाला तर पोशाख विकत घेऊ नका, डोक्याला आपला पंचा बांधा, झकास दिसतो. क्रिसटिंगलच्या संत्र्यावर टोचायच्या गोळ्यांत जिलेटिन असू शकतं, शाकाहारी असाल तर बेदाणे पाठवा. ख्रिसमस फेअरला शंकरपाळे चालतात, शेंगदाण्यांचा चिवडा चालत नाही.

आणि फ्लूच्या लसीचा ऑनलाइन फॉर्म याच टर्मला येतो. नाकातल्या फवाऱ्यात डुकराचं जिलेटिन असतं. नको असेल तर इंजेक्शन मागता येतं, पण ते फॉर्म भरतानाच लिहा. आयत्या दिवशी शाळेत आलेल्या नर्सकडे मिळेलच असं नाही.