आमदार कुणाचा : मतदारांचा की पक्षाचा?

प्रश्न : आमच्या तालुक्याचा ज्या विधेयकाला विरोध होता, त्याच्याच बाजूने आमच्या आमदारांनी मत दिले. विचारल्यावर म्हणाले, 'व्हिप होता.' असा आमदार परत बोलावता येतो का?
– एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : नाही. आमदार-खासदारांना परत बोलावण्याची सोय आपल्या कायद्यात नाही. त्यांनी दिलेले कारणही खोटे नाही. 1985 मध्ये राज्यघटनेत आलेल्या दहाव्या अनुसूचीनुसार (म्हणजे पक्षांतरबंदी कायद्यानुसार) व्हिप, म्हणजे कसे मत द्यायचे याचा पक्षाचा आदेश, मोडून मत दिले किंवा मतदान टाळले, तरी आमदारकी जाऊ शकते. आधी परवानगी घेतलेली असेल किंवा पक्षाने 15 दिवसांत माफ केले, तरच ती वाचते. व्हिपचा हा धाक सरकारचे भवितव्य ठरवणाऱ्या किंवा मुख्य धोरणाच्या मतदानापुरता असावा, असे सर्वोच्च न्यायालयाने 1992 मध्ये सुचवले होते. पक्ष मात्र तो सर्रास वापरतात.

तुम्हाला हवा आहे तो निरोप्या : मतदार सांगतील तेच सभागृहात बोलणारा. ब्रिटिश खासदार एडमंड बर्क यांनी 1774 मध्ये ब्रिस्टलच्या मतदारांना याच्या उलट सांगितले होते : तुमचे मत मी आदराने ऐकेन, पण निर्णय माझ्या विवेकाने घेईन. हा झाला विश्वस्त. आयर्लंडच्या व्यापारावरून आणि कॅथलिकांना सवलती देण्यावरून मतदार बिथरले, आणि 1780 मध्ये हार दिसताच बर्क यांनी तिथून माघार घेतली. निरोप्याचीही अडचण आहेच. विधेयकात शेवटपर्यंत दुरुस्त्या होत असतात. ज्याचे हात बांधलेले, तो देवघेव कशी करणार?

आपला आमदार मतदानाच्या दिवशी या दोन्हींपैकी कुणीच नसतो, तो पक्षाचा असतो. आमच्या मते हे लोकशाहीला मारक आहे. म्हणून त्याला गाठायचे ते व्हिप निघण्यापूर्वी. विधेयक मांडले गेले की त्याची प्रत मिळवा. नुसता 'विरोध' कळवू नका, कलमाचा क्रमांक आणि हवा तो बदल लिहून द्या. विधेयक दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेले आणि तिने सूचना मागवल्या, तर तिथेही पाठवा. ग्रामसभेचा ठराव सोबत जोडा. तो आमदारावर बंधनकारक नसतो, पण पक्षाच्या बैठकीत त्याला दाखवायला कागद मिळतो.

परत बोलावण्याच्या जवळ जाणारी सोय गावपातळीवर आहे. थेट निवडलेल्या सरपंचावरील अविश्वास ठराव तीन-चतुर्थांश सदस्यांनी मंजूर केल्यावर ग्रामसभेतही गुप्त मतदानाने मंजूर व्हावा लागतो. पहिली दोन वर्षे आणि मुदतीचे शेवटचे सहा महिने तो आणता येत नाही.