दारावर शोभेला टांगलेल्या, लोकर गुंडाळलेल्या रिंगवरून नकली पानं-फुलं गळू नयेत म्हणून काय करावं?

नुसत्या ग्लू गनवर (गोंदाची कांडी वितळवून गरम गोंद सोडणारी गन) विसंबू नका. देठाची तार लोकरीच्या वेढ्यांखालून घालून रिंगच्या मागे पिळा, गोंद फक्त पान फिरू नये म्हणून थेंबभर. ग्लू गनचा गोंद वरच्या तंतूंनाच धरतो, रिंगला नाही. दार दोनदा आपटलं की पान खाली, आणि त्याच्या बुडाशी गोंदात अडकलेला लोकरीचा पुंजका. ऑर्डरच्या रिंगा करताना हे नेहमी दिसतं. नकली निलगिरी किंवा फर्नच्या देठात बहुधा तार असतेच. दोनेक इंच देठ ठेवून पक्कडीने कापा. नसेल तर वेगळी बारीक तार देठाला गुंडाळून घ्या. लोकर मात्र वेढ्याला वेढा लागून, घट्ट हवी. सैल असली की अख्खा गुच्छ घरंगळतो. आणि पानं रिंगभर कोंबू नका, एका बाजूलाच शोभतात!

हे लोकरीखाली भरतकामाची किंवा तारेची रिंग असेल तर झालं. थर्मोकोलची असेल तर देठ सरळ आत खुपसा. तिथे गरम गन नको, थर्मोकोल वितळतो. फेविकॉल लावून रात्रभर आडवी ठेवा.