बजेट बिघडवतात ते वर्षातून एकदा येणारे खर्च

परदेशात राहणाऱ्या मराठी घरात महिनाअखेरीस हिशोब जुळला नाही की सगळा राग किराण्यावर आणि बाहेरच्या खाण्यावर निघतो. मागच्या १२ महिन्यांची बँकेची आणि क्रेडिट कार्डाची स्टेटमेंट समोर घेऊन बसा. खड्डा बहुतेक वेळा दुसरीकडेच पडलेला दिसेल: भारताची तिकिटं, गाडीचा वार्षिक विमा, मुलांच्या सुट्टीतल्या शिबिरांची फी, टायर, पासपोर्ट. यातलं काहीच अचानक आलेलं नसतं, ते फक्त दर महिन्याला येत नाही. (१५ वर्षांखालच्या मुलांचा भारतीय पासपोर्ट जास्तीत जास्त ५ वर्षं चालतो, त्यामुळे दोन मुलं असतील तर ही फी वाटते त्यापेक्षा लवकर परत येते.)

म्हणून बजेटची सुरुवात इथून करावी. दरमहा न येणाऱ्या प्रत्येक खर्चापुढे रक्कम आणि महिना लिहा. उदाहरणादाखल तिकिटं ४,२००, भारतातला खर्च आणि भेटवस्तू १,५००, गाडीचा विमा १,२००, मुलांच्या फिया ९००, गाडीची देखभाल ६००, सणवार ३००, पासपोर्ट-व्हिसा ३००. बेरीज ९,०००, म्हणजे महिन्याला ७५०. चलन तुम्ही राहता तिथलं धरा. ही रक्कम पगाराच्या दुसऱ्या दिवशी आपोआप वेगळ्या बचत खात्यात गेली पाहिजे. खातं वेगळंच हवं. पगाराच्याच खात्यात मनातल्या मनात बाजूला ठेवलेले पैसे खर्च होतातच.

पहिल्या वर्षी इथे एक अडचण येते आणि बरेच जण तिथेच सोडून देतात. जुलैत सुरुवात केली आणि तिकिटं डिसेंबरमध्ये काढायची असतील, तर ४,२०० ला १२ ने भागून उपयोग नाही. हातात ५ महिने आहेत, म्हणजे एकट्या तिकिटांसाठीच महिन्याला ८४० लागतील. तेवढं झेपत नसेल तर दोनच मार्ग: असलेल्या बचतीतून एकदाच भर घालायची, नाहीतर ती फेरी पुढे ढकलायची. तिकिटं कार्डावर काढून वर्षभर व्याज भरत बसणं हा तिसरा मार्ग धरू नका.

पगार दर दोन आठवड्यांनी होत असेल तर वर्षात २६ पगार येतात, आणि साधारण दोन महिन्यांत तीन-तीन. बजेट दोनच पगारांवर बसवा आणि ते दोन वरचे पगार थेट या वार्षिक खात्यात टाका.

आता रोजचा खर्च. समजा दोघांचे मिळून हातात ५,४०० येतात. भाडं, पाळणाघर, विमे, फोन असं बांधील २,९००, वार्षिक खातं ७५०, घरी पाठवायचे ३००, बचत ४००. उरले १,०५०. याला ४ ने भागलं की आठवड्याला २६२ दिसतात, आणि इथेच चूक होते. वर्षात आठवडे ५२ असतात, ४८ नव्हे. ४ ने भागणाऱ्याला वर्षाअखेर बरोबर एका महिन्याचे पैसे कमी पडतात. १,०५० गुणिले १२, भागिले ५२ असा हिशोब केला तर २४२ येतात. २४० धरा. दर शुक्रवारी तेवढेच एका डेबिट कार्डाच्या खात्यात वळते करा आणि किराणा, पेट्रोल, हॉटेल सगळं त्यातून भागवा. मग प्रत्येक पावती ॲपमध्ये चढवायची गरज उरत नाही. खात्यात किती राहिले आणि शुक्रवारला किती दिवस आहेत, एवढं पाहिलं की पुरे. क्रेडिट कार्डावर हे जमत नाही, कारण आजच्या खर्चाचं बिल पुढच्या महिन्यात येतं आणि तोवर पैसे शिल्लक असल्यासारखे वाटतात.

या २४० मधलेच थोडे, समजा प्रत्येकी २०, नवरा-बायकोने स्वतःसाठी ठेवावेत आणि त्याचा हिशोब एकमेकांना मागू नये. घरातली निम्मी कुरबुर अशा छोट्या रकमांवरूनच होते.

घरी पैसे पाठवताना 'शुल्क शून्य' या पाटीकडे पाहू नका, तिकडे किती रुपये जमा होणार तेवढंच पाहा. बाजारात दर १०० असताना एखादी सेवा बिनशुल्क ५०० पाठवते पण ९८ चा दर लावते, तेव्हा १,००० रुपये गेले. दुसरी ३ शुल्क घेते आणि ९९.७० चा दर देते, तिथे साधारण ४५० जातात. आईवडिलांची औषधं, मदतनीस असा ठरलेला खर्च असेल तर रक्कम रुपयांत ठरवा आणि दर खाली गेला तरी पुरेल इतकी भर बजेटमध्ये धरा. स्वखुशीने पाठवत असाल तर ती तुमच्या पगाराच्या चलनातच ठरवा. आणि दुकानात प्रत्येक वस्तूचे रुपये करणं सोडा. पगार त्या चलनात नाही, तर तुलना कशाला?

एक निधी मात्र वार्षिक खात्यात मिसळू नका: रात्रीतून भारतात जावं लागलं तर लागणारा. त्यात ऐनवेळचं, म्हणजे महाग तिकीट निदान एका माणसाचं, आणि बिनपगारी रजा घ्यावी लागली तर दोन आठवड्यांचा घरखर्च बसला पाहिजे. हे पैसे तुम्ही राहता तिथेच, लगेच काढता येतील अशा खात्यात ठेवा. व्याज जास्त म्हणून ते एनआरई (अनिवासी भारतीयांसाठीच्या, रुपयांतल्या) मुदत ठेवीत टाकायचा मोह होतो, पण ती ठेव एका वर्षाच्या आत मोडली तर व्याज काहीच मिळत नाही, शिवाय पैसे परत आणताना विनिमयदराचा फटका बसू शकतो तो वेगळाच.